दोन उजव्या हातांचं अस्वल

"याला दोन उजवे हात आहेत," तांबोळी म्हणाला.

त्याने अस्वल टेबलावर उभं केलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. शब्बीर तांबोळी आमच्या स्टुडिओचा मुख्य चित्रकार, म्हणजे तीन चित्रकारांतला जो वेळेवर यायचा तो. अस्वल वीतभर उंचीचं, मऊ प्लास्टिकचं, तपकिरी. उजवा हात मांडीला चिकटून खाली. डावा हात मात्र कानाला घासून सरळ वर, आणि त्याचा अंगठा नको त्या बाजूला.

"दोन्ही अंगठे एकाच दिशेला. बघ की."

"बघितलं."

"कंपनीला फोन करून विचारू?"

"काही विचारू नकोस," मी म्हणालो. "हा हात असाच आहे."

"तुला काय माहीत?"

"मी लेखक आहे."

तांबोळीने चष्मा परत नाकावर घेतला आणि पेन्सिलीला टोक काढायला लागला. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला ते बरं वाटायचं.

ही शहाण्णव सालची, नाशिकची गोष्ट. केंजळे सरांचा स्टुडिओ एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर होता. खालून दिवसभर "क्लच, अहो क्लच" असं ऐकू यायचं आणि वर आम्ही कार्टून काढायचो. खरं तर खेळण्यांच्या जाहिराती काढायचो, त्यांना पाच-पाच मिनिटांची गोष्ट लावून. सातपूरला भिंगरी टॉईजचा कारखाना होता. तिथून खोकं यायचं, खोक्यात नवी खेळणी असायची, आणि खेळण्यांवरून आम्ही मालिका रचायची. आधी गोष्ट आणि मग खेळणं असं जगात कुठे होत असेल तर मला माहीत नाही. आमच्याकडे आधी साचा असायचा.

त्या स्टुडिओचा इतिहास कुणी लिहिणार नाही, म्हणून मीच उरकून टाकतो. पहिलं वर्ष भोवऱ्याचं. भोवरा फिरतो आणि पडतो, यावर चार भाग निघाले. दुसरं वर्ष बदकाचं. बदकाच्या पोटात शिट्टी होती, म्हणून त्याने बोलायचं नाही, फक्त शिट्टी मारायची, असा कंपनीचा हुकूम. त्याचे संवाद मी लिहिले. शिट्टी लांब. शिट्टी आखूड. दोन आखूड, मग एक लांब, व्याकूळ. असे सहा भाग. तिसरं वर्ष अस्वलाचं, आणि त्या वर्षाबद्दलच मी बोलतोय.

कंपनीचं एक पत्र केंजळे सरांनी चौकटीत बसवून भिंतीला लावलं होतं. खेळण्याला जे जमत नाही ते चित्रात दाखवू नये. मूल घरी तसं करून बघतं, खेळण्याला ते जमत नाही, मूल रडतं, आणि बाप दुकानदाराच्या अंगावर जातो. त्यामुळे आमच्या कार्टूनमधलं कुणीही कधी खाली बसलं नाही. भिंगरीच्या एकाही प्राण्याचे गुडघे वाकत नसत. आमचा सिंह उभ्याने न्याय करायचा, ससा उभ्याने जेवायचा, शाळेतली पोरं उभ्याने शिकायची. आजारी कासव आम्ही भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, दहावीला दोनदा बसलेला आणि दोनदा उठलेला. ट्रकच्या मागे अक्षरं रंगवता रंगवता लिहायला लागलो. शिकलेल्या लेखकांवर माझा भयंकर राग होता. का होता ते सांगता आलं नसतं, कारण तोपर्यंत मी एकाही लेखकाला भेटलो नव्हतो. कागद विकत घ्यायचा नाही हा माझा बाणा होता. खोक्यातून आलेलं, पाठकोरं काहीही मला चालायचं. एका बाजूला जग, दुसऱ्या बाजूला मी, असं काहीतरी मी त्याबद्दल लोकांना ऐकवायचो. लोक चहा संपवून उठायचे.

माझी एकच इच्छा होती. मालिकेच्या सुरुवातीला पडद्यावर 'भिंगरी टॉईज सादर करत आहे' एवढंच यायचं. केंजळे सरांनी कबूल केलं होतं की अस्वलाची मालिका चालली आणि कंपनीने पुढचे तेरा भाग दिले, तर वेगळी पाटी येईल. लेखन, विश्राम पाचारणे. ती पाटी कशी दिसेल ते मी स्वतः रंगवून ठेवलं होतं, ट्रकच्या अक्षरात, सावलीसकट.

तर ते अस्वल. तो वर केलेला हात बघितला आणि मला माझी पाचवी आठवली. गुरुजींनी प्रश्न विचारला की मी हात वर करायचो. तास संपेपर्यंत हात वरच. एकदा गुरुजी म्हणाले, "पाचारणे, खाली घे, पंख्याला लागेल." सगळा वर्ग हसला. आमच्या वर्गात पंखा नव्हता.

त्याच दुपारी मी पहिला भाग लिहिला. भोलू नावाचं अस्वल जंगलाच्या शाळेत जातं. त्याला सतत काहीतरी विचारायचं असतं. हात कायम वर. सिंह मास्तर सगळ्यांकडे बघतात, भोलूकडे बघत नाहीत. शेवटी सिंह मास्तरांनाच एक गोष्ट येत नसते आणि ती विचारायला त्यांनाच हात वर करावा लागतो. पाच मिनिटांच्या अस्वलातून मी समाजावर सूड उगवत होतो. समाज त्या वेळी दात घासत होता, कारण आमची मालिका रविवारी सकाळी साडेआठला लागायची.

पण ती चालली, हे मात्र खरं. तिसऱ्या भागापासून गल्लीतली पोरं हात वर करून पळायला लागली. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर जिन्यात मला म्हणाले, "तुमच्या त्या भोलूमुळे आमचा धाकटा एका हाताने आंघोळ करतोय." मी दोन दिवस पाय जमिनीला न लावता चाललो.

सहाव्या भागानंतर भोलू दुकानात आला. पहिल्याच रविवारी पोरांची झुंबड उडाली आणि सोमवारी पोरं खेळणं घेऊन परत आली. दुकानातल्या भोलूचे दोन्ही हात खाली होते. एक डावा, एक उजवा, अंगठे जागच्या जागी. अगदी शहाणं अस्वल. पोरं म्हणत, हा भोलू नाही, हा दुसराच कुणीतरी आहे. असे शहाणे भोलू कारखान्यात वीस हजार तयार होते.

बुधवारी सातपूरहून निरोप आला. लेखकाला घेऊन या.

"तुला का बोलावलं असेल?" केंजळे सरांनी रिक्षात विचारलं. सर स्वभावाने गरीब. घाबरले की रुमालाची घडी घालायचे, मोडायचे, परत घालायचे.

"कौतुक करायचं असेल."

"वीस हजार अस्वलं पडून आहेत, विश्राम."

"म्हणून तर. कलेची आणि बाजाराची गाठ कशी घालायची, हे विचारायचं असेल."

सरांनी रुमालाची घडी मोडून परत घातली. मी पिशवी चाचपली. पहिल्या भागाचा मूळ हस्तलिखित कागद मी सोबत घेतला होता. बैठकीत वाचून दाखवायचा असं ठरवलंच होतं.

बैठक कारखान्याच्या शेडमध्येच होती. लांब टेबल, दहा-अकरा माणसं. एका टोकाला मालक नेर्लेकर साहेब, पांढरा बुशशर्ट, हळू बोलणारे. त्यांच्या बाजूला उत्पादन बघणारे भामरे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या बरोब्बर समोर, स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, निळा कारखान्याचा कोट, हाताच्या बोटांना भाजल्याचे जुने डाग. मालनबाई गांगुर्डे. खेळण्यांचे हात गरम पाण्यात मऊ करून खोबणीत दाबून बसवायचे, हे काम त्या अकरा वर्षं करत होत्या. भामरेंनी त्यांच्यापुढे एक टाइप केलेला कागद आणि पेन ठेवलं होतं.

"सरळ गोष्ट आहे," भामरे म्हणाले. "नमुन्याचं अस्वल यांनी जोडलं. डाव्या खोबणीत उजवा हात दाबला, तो खाचेत अडकून वर राहिला. स्टुडिओने तोच खरा धरला. आता कुणीतरी जबाबदारी घ्यायला पाहिजे. मालनबाई, सही करा आणि उद्यापासून येऊ नका."

"हात मी चुकीचा बसवला," मालनबाई म्हणाल्या. "नाही म्हणत नाही. नमुना घाईत मागितला होता, अंधूक उजेडात बसवला. पण नमुन्यासोबत चित्र जातं. मापाचं चित्र. ते मी माझ्या हातानं खोक्यात घातलं. त्यात हात खालीच आहे. ते बघितलं असतं तर चूक तिथंच कळली असती. ते कशासाठी पाठवतात मग?"

"स्टुडिओ म्हणतो चित्र आलंच नाही."

"मी घातलं होतं."

नेर्लेकर साहेबांनी केंजळे सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. खोकं नेहमी मीच उघडायचो.

"आलं होतं का चित्र?" साहेबांनी विचारलं.

मी मान हलवली. आडवी.

"झालं तर मग," भामरे म्हणाले आणि पेन बाईंच्या जवळ सरकवलं.

इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मला आत कुठेतरी वाटत होतं की बाईंना आपण वाचवू शकतो. कसं, तर भाषण करून. तो हात चूक नाहीच, तो हात म्हणजे कला, हे एकदा या अकरा माणसांच्या गळी उतरवलं की चुकीचा प्रश्नच उरत नाही. बाई वाचतील, मालिका वाचेल, पाटीही येईल. मी उभा राहिलो.

"साहेब, परवानगी असेल तर दोन शब्द."

ते दोन शब्द पाऊण तास चालले. मी सांगितलं की हा हात साधा हात नाही. हा विचारणाऱ्याचा हात आहे. आपल्या शाळांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत असे हजारो हात वर आहेत आणि त्यांच्याकडे बघायला कुणी तयार नाही. मी माझ्या गुरुजींचा पंखा सांगितला. दोघं-तिघं हसले. मला चेव आला. म्हणालो, जो माणूस दुसऱ्याचा वर आलेला हात बघत नाही तो माणूस नव्हे. नेर्लेकर साहेब हनुवटीला हात लावून ऐकत होते, मला वाटलं, गहिवरून.

"मी मूळ लेखनच वाचून दाखवतो," मी म्हणालो, आणि पिशवीतून कागद काढून दोन्ही हातांत, छातीच्या उंचीवर धरला. कीर्तनकार धरतात तसा.

वाचायला लागलो. दुसऱ्या परिच्छेदात मालनबाईंनी हात वर केला.

मी बघितलं. न बघितल्यासारखं केलं. भोलू नुकताच शाळेच्या दारात पोचला होता.

त्यांनी हात तसाच ठेवला. शाळेतली मुलगी धरते तसा, कोपर सरळ, बोटं मिटलेली. मी पान संपवत आणलं. हात वरच.

"मावशी, थांबा जरा," मी म्हणालो. "माझं संपू द्या. हात खाली घ्या."

त्यांनी हात खाली घेतला. मी पुढचं वाक्य वाचलं. ते वाक्य होतं, सिंह मास्तर भोलूकडे बघत नाहीत.

वाचून झाल्यावर मी मान वर केली. टाळ्या येतील अशी अपेक्षा नव्हती, पण थोडी होती. सगळे माझ्याकडे बघत होते, पण डोळ्यांकडे नाही. छातीकडे.

"आता बोलू का?" मालनबाईंनी विचारलं.

"बोला ना मावशी."

"कागद पलटा."

मी कागद पलटला.

त्या बाजूला अस्वल होतं. शाईने नीट काढलेलं, समोरून आणि बाजूने, प्रत्येक अवयवाला बाण आणि माप. दोन्ही हात खाली. कोपऱ्यात भिंगरीचा गोल शिक्का. पाऊण तासातली शेवटची पंधरा मिनिटं मी तो कागद अकरा माणसांसमोर पताकेसारखा धरून उभा होतो.

मला माझं अक्षर दिसत होतं, दुसरं काही नाही.

"म्हणजे चित्र पोचलं होतं," नेर्लेकर साहेब म्हणाले. आवाज तसाच हळू.

केंजळे सरांच्या रुमालाची घडी हातातच राहिली.

"चुकून पाठकोरा समजून," मी म्हणालो. "घाईत. पुढची बाजू बघितलीच नव्हती."

हेच मी पुढे वीस-पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. बायकोला सांगितलं, तांबोळीला सांगितलं, दारू पिऊन स्वतःलासुद्धा सांगितलं. गोष्ट विनोदी आहे, लोक हसतात, वेंधळा लेखक सगळ्यांना आवडतो. आता साठीकडे निघालोय म्हणून सांगतो. मी बघितलं होतं. खोकं उघडल्यावर आधी चित्रच हाताला लागलं. हात खाली आहेत, ते बघितलं. मग अस्वल बघितलं, आणि चित्रातलं अस्वल मला नको झालं. मी चित्र पालथं घातलं आणि लिहायला बसलो, आणि लिहिता लिहिता त्या कागदाला दुसरी बाजू आहे हेच विसरलो. तांबोळी फोन करू म्हणाला तेव्हा ते माझ्या कोपराखाली होतं.

नेर्लेकर साहेबांनी मालनबाईंच्या पुढचा टाइप केलेला कागद उचलला, चार तुकडे केले आणि भामरेंच्या हातात दिले.

"मालनबाई, त्या वीस हजारांचं काय करायचं?"

"गरम पाण्यात घातलं की डावा हात सुटतो. त्याजागी उजवा दाबायचा. वीस हजार उजवे हात ओतून द्या. आमच्या बायका पंधरा दिवसांत बसवतील." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "या खेपेला चुकीचंच बसवायचंय, तर उजेड नसला तरी चालेल."

टेबलावर सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, म्हणजे मी त्यांच्यातलाच वाटावा.

हात वर असलेला भोलू बाजारात आला आणि चालला. पुढचे तेरा भाग मिळाले. वेगळी पाटीही आली. लेखन, भिंगरी टॉईज. केंजळे सरांनी मला काढलं नाही, कारण माझ्या भावात दुसरा मिळाला नसता. तीन वर्षांनी परदेशातून आयते, दिवे लागणारे, गाणी म्हणणारे प्राणी यायला लागले, भिंगरीने साचे भंगारात घातले आणि आमच्या मजल्यावर ड्रायव्हिंग स्कूलने थिअरीचे वर्ग सुरू केले. हा झाला उरलेला इतिहास.

पण त्या दिवशी बैठक सुटल्यावर मी फाटकाशी उभा होतो. सर आत माफी मागत होते, माझ्या वाटणीचीसुद्धा. पाळी सुटली आणि मालनबाई बाहेर आल्या. डबा काखेत, चप्पल हातात. दिवसभर सुजलेली पावलं चपलेत जात नव्हती.

मी पुढे झालो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. मावशी, चित्र मी बघितलं होतं, मी खोटं बोललो, तुमची नोकरी गेली असती. तीन वाक्यं. पाऊण तास बोलणाऱ्या माणसाला फार नाहीत.

"मावशी," मी म्हणालो, "तुम्ही बघता का हो भोलू? कसा वाटतो?"

हे विचारलं मी. खोटं सांगत नाही.

त्यांनी चप्पल जमिनीवर टाकली आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. राग नव्हता. खाचेत न बसणाऱ्या हाताकडे बघावं तसं बघितलं.

"बघतो ना. नात बघते म्हणून मीबी बघते. तिला लई आवडतो. शाळेत दिवसभर हात वर करून बसते आता. बाई विचारतात, काय पाहिजे गं? तर म्हणते, काही नाही."

"आणि तुम्हाला?"

"बरा आहे. पण एक विचारू?"

"विचारा ना."

"ते सगळे उभेच का असतात हो? सिंव्ह उभा, ससा उभा. ते कासव तर तापानं फणफणलंय आणि भिंतीला टेकून उभं. मला ते बघवत नाही. पाय दुखत असतील त्यांचे. बसायला सांगा की त्यांना."

"त्यांचे गुडघे वाकत नाहीत, मावशी. तुमच्याच कारखान्यातून तसे येतात."

"ते मला माहीत आहे," मालनबाई म्हणाल्या. "मीच बसवते ते पाय. पण तुम्ही लिहिता ना?"

आणि चप्पल पायात कोंबून त्या बस थांब्याकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ताव विकत आणले, दोन्ही बाजूंनी कोरे. नवा भाग लिहायला घेतला. पहिली ओळ लिहिली, सगळे प्राणी खाली बसतात.

तांबोळीने ती वाचली, भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं आणि विचारलं, "फोन करून विचारू कंपनीला?"

"विचार," मी म्हणालो.

त्याने विचारलं. कंपनी नाही म्हणाली.